गरुडाच्या मनोऱ्यात अकरा दिवस: अडकून राहावं की उत्तर बघावं?

चार_पेन्सिल_सेल

अकरा दिवस एका लोखंडी गोळ्यापाशी अडकलोय.

'लिंक्स अवेकनिंग' परत खेळायला घेतलाय, १९९८ ची रंगीत 'डीएक्स' आवृत्ती. मूळ गेम १९९३ चा, गेमबॉय या हातात धरायच्या यंत्राच्या हिरवट पडद्यावरचा. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जहाज फुटून आपला नायक लिंक कोहोलिंट बेटावर येऊन पडतो. आठ तळघरांतून आठ वाद्यं मिळवायची, डोंगरावरच्या भल्यामोठ्या अंड्यासमोर वाजवायची आणि आत झोपलेल्या 'विंड फिश'ला उठवायचं. सातवं तळघर म्हणजे गरुडाचा मनोरा. (तळघर कसलं, मनोराच.) तिथे एक लोखंडी गोळा उचलून चार खांबांवर आपटायचा. चारही पडले की वरचा मजला धाडकन खालच्या मजल्यावर बसतो. मूळ गेम सगळा मिळून ५१२ किलोबाइटचा, आणि त्यात हे!

माझे तीन खांब पडलेत. चौथा दिसतो, गोळाही दिसतो, पण दोघांची पत्रिका जुळत नाही.

वाईट याचं वाटतं की कॉलेजात असताना मी हा गेम संपवलाय. मजला कोसळताना पडदा कसा हादरतो ते लख्ख आठवतं. कसा पाडला होता, तेवढंच पुसलं गेलंय.

यूट्यूबवर दोन मिनिटांत उत्तर मिळेल. बघणार नाही. माझ्या मते असल्या गेममध्ये अडकणं हाच गेम. ते काढलं तर उरतं काय, तलवारीने झुडपं कापणं? कुकरच्या शिट्ट्या मोजताना, सिग्नलला उभा असताना डोक्यात तो मजल्यांचा नकाशा फिरत असतो. उत्तर बघितलं की फिरायचा थांबतो, मग नुसती बटणं दाबायची हमाली. उत्तर बघून खेळणाऱ्यांनी 'गेम संपवला' असं म्हणू नये.

झोडा आता.

आळशी_बोका

झोडतो. तू एकटा राहतोस, तुझं बरंय. माझ्या वाट्याला ठाणे ते दादर एवढाच वेळ, तोही बसायला मिळालं तर. त्यात तीन दिवस एकाच खोलीत भिंतींना डोकं आपटत बसू?

हाच गेम मी शाळेत पाचव्या तळघरात अडकून सोडला होता. पुढची पंधरा-सोळा वर्षं माझ्यासाठी ते बेट तिथेच संपत होतं. मागच्या वर्षी सरळ उत्तरं बघत बघत पूर्ण केला, आणि शेवटी ते बेट नेमकं काय आहे हे कळलं तेव्हा दादर मागे पडून परळ आलं होतं. तो शेवट मी 'संपवला' नाही म्हणतोस? बरं, नाही संपवला. पण बघितला.

पेपरातलं शब्दकोडं अडलं की दुसऱ्या दिवशीच्या अंकात उत्तर बघतोसच ना?

चार_पेन्सिल_सेल

दुसऱ्या दिवशी. मधे एक रात्र असते, बोक्या.

तासाला_वीस

दोघांनाही एक विचारतो. गेमचा निम्मा भाग तुमच्याकडे नसेलच तर?

डोंबिवलीतला सायबर कॅफे, तासाला वीस रुपये, एम्युलेटरवर (दुसऱ्या यंत्राचे गेम पीसीवर चालवणारा प्रोग्रॅम) 'पोकेमॉन रुबी'. समुद्रातल्या प्रवाहांतून वाट काढत एका ठरावीक जागी बुडी मारली की एक बंद खोली लागते. भिंतीवर नुसते ठिपके. मी ते गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले आणि आठवडाभर त्यांत नक्षत्रं शोधली. ते ब्रेल होतं. ब्रेलची मुळाक्षरं गेमसोबतच्या पुस्तिकेत छापली होती. आमच्या पायरेटेड फाइलीसोबत पुस्तिका कुठली यायला?

शेवटी त्याच पीसीवर, मीटर चालू असताना, ब्रेलचा तक्ता शोधला. एका भिंतीवर लिहिलेलं: इथे खणा. पुढच्या खोलीत: आधी रेलिकॅन्थ, शेवटी वेलॉर्ड. म्हणजे तुमच्या सहा पोकेमॉनच्या रांगेत पहिला तो समुद्रतळाशी सापडणारा मासा हवा आणि शेवटचा तो देवमासा. वेलमर चाळिसाव्या लेव्हलला पोचला की त्याचा वेलॉर्ड होतो, म्हणजे आणखी दोनेकशे रुपये.

आता गंमत. मित्राने हेच आधी 'एमराल्ड'वर, म्हणजे याच गेमच्या दुसऱ्या आवृत्तीवर, सोडवलं होतं. त्याने छातीठोकपणे सांगितलं, 'आधी वेलॉर्ड, शेवटी रेलिकॅन्थ.' माझं दार उघडेना. मी त्याला थापाड्या म्हणालो, तो मला आंधळा म्हणाला, आठ दिवस अबोला. एमराल्डमध्ये क्रम उलटा आहे हे दोघांनाही खूप उशिरा कळलं.

त्यानंतर बर्फातली गुहा. तिथे रुबीत काय करायचं? काही नाही. दोन मिनिटं एकाही बटणाला हात लावायचा नाही. मीटर चालू असताना! सदुसष्ट पैसे नुसते उभं राहण्याचे.

तेव्हा चार सेल, तुमची तत्त्वं पुस्तिकेसकट गेम विकत घेणाऱ्यांची आहेत. आम्ही उत्तर बघितलं नाही, गहाळ झालेली पानं शोधून आणली.

चार_पेन्सिल_सेल

हे मान्य. ब्रेलचा तक्ता म्हणजे उत्तर नव्हे, तो त्या कोड्याचाच भाग. तुम्ही तर अडकलात, शोधलंत आणि सोडवलंत. माझ्याच बाजूचे आहात.

तासाला_वीस

अजिबात नाही. बर्फाच्या गुहेचं मी सरळ बघितलं होतं.

खाली_डोकं_वर_पाय

चाळिशीत हे धंदे?

चार_पेन्सिल_सेल

एकोणचाळीस.

झाकण_मिटा

मी 'फँटम अवरग्लास' (२००७, निन्टेन्डो डीएस, म्हणजे वहीसारखं मिटणारं दोन पडद्यांचं यंत्र) पुन्हा खेळलो, या वेळी मोबाइलवर. एका ठिकाणी वरच्या पडद्यावर एक चिन्ह आणि खालच्या पडद्यावर समुद्राचा नकाशा येतो. ते चिन्ह नकाशावर उठवायचं. टॅप केलं, घासलं, माइकमध्ये फुंकर मारली. (या गेममध्ये फुंकर मारून मेणबत्त्या विझवायच्या असतात, त्यामुळे ते वेडेपणाचं नव्हतं.)

उत्तर असं की डीएसचं झाकण मिटायचं. शिक्का मारल्यासारखं. वरचा पडदा खालच्यावर टेकतो, उघडलं की ठसा उमटलेला.

पहिल्यांदा खेळलो तेव्हा काकांनी दुबईहून आणलेला डीएस होता. कोड्यापाशी वैतागलो, तेवढ्यात अंधेरी आलं, झाकण मिटून खिशात टाकलं. चर्चगेटच्या गाडीत बसून उघडतो तर काम झालेलं! मी काहीच केलं नव्हतं. चार सेल यांच्या हिशेबात हे सुटलेलं धरायचं का?

आता मोबाइलला झाकणच नाही. एम्युलेटरच्या मेनूत 'झाकण मिटा' असा पर्याय खोल कुठेतरी असतो. तो शोधायला निघालो म्हणजे उत्तर आधीच माहीत आहे. निन्टेन्डोने २०१३ मध्ये स्वतःच टूडीएस काढला, पाटीसारखा सपाट, बिजागरी नाही. तिथे झोपवायचं बटण सरकवून भागवायचं. तेव्हा 'जसा होता तसा खेळा' म्हणणाऱ्यांनी आधी तसं यंत्र आणून द्यावं.

गिरगावची_मीनल

चार सेल, तुम्ही ज्या गेमवरून हा धागा काढलात तोच तुमच्या विरोधात साक्ष देतोय. बेटावर जागोजागी टेलिफोनच्या खोल्या आहेत. आत जाऊन रिसीव्हर उचलला की उलरिरा आजोबा पुढे काय करायचं ते सांगतात. गावात त्यांच्या घरी गेलात तर म्हातारा लाजतो, धड बोलत नाही. फोनवर मात्र पोपटासारखा सुरू. प्रत्येक तळघरात दगडी चोच मिळते, ती घुबडाच्या पुतळ्याला लावली की पुतळा सूचना देतो. म्हणजे माणूस अडकणार हे करणाऱ्यांना ठाऊक होतं आणि मदत त्यांनीच मांडून ठेवली होती.

खेळाबाहेरही तेच. अमेरिकेत त्या काळी निन्टेन्डोने फोनवर माणसं बसवली होती, मुलं फोन करून विचारायची. छापील मार्गदर्शक पुस्तकंही विकली जायची. 'आमच्या वेळी सगळे स्वतःच्या डोक्याने सोडवायचे' ही लोणकढी थाप आहे.

आणि मदतही कशी? दुसऱ्या तळघरात पुतळा म्हणतो, आधी कोंडलेल्या पोल्स व्हॉइसला मारा, शेवटी स्टॅल्फॉस या सांगाड्याला. पण पोल्स व्हॉइस म्हणजे त्या खोलीतला नेमका कोण, हे मला कोण सांगणार? मी मराठी माध्यमातली, आधी 'इम्प्रिझन्ड' डिक्शनरीत बघितला. तो लांब कानांचा सशासारखा प्राणी म्हणजे पोल्स व्हॉइस, हे कळायला पुढचा उन्हाळा उजाडला. अशा अडकण्यात कसलं सौंदर्य?

आळशी_बोका

मीनलताई, साष्टांग नमस्कार.

चार_पेन्सिल_सेल

मीनल, पोल्स व्हॉइसचं शंभर टक्के मान्य. ते कोडं नाही, ओळखपरेड आहे.

पण आजोबा फोनवर दिशा दाखवतात, तुमचा हात धरून बटण दाबत नाहीत. माझं भांडण पावलापावलाचा व्हिडिओ बघण्याशी आहे. शेवटच्या अंड्याचंच घ्या. आतल्या चक्रव्यूहाचा रस्ता गावच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात आहे. अक्षर इतकं बारीक की भिंग लागतं. भिंगासाठी आधी बाहुली मिळवायची, ती देऊन रिबन, रिबन देऊन कुत्र्याचं खाणं, मग केळी, मग काठी, असं करत अख्खं बेट पालथं घालायचं. आणि तो रस्ताही प्रत्येकाच्या खेळात एकच नसतो, त्यामुळे दुसऱ्याचा बघून चालला तर फसण्याचीच शक्यता जास्त. करणाऱ्यांनी ती सोय मुद्दाम ठेवली नाही.

आळशी_बोका

रस्ते मोजून चारच आहेत. चारही बघितले, एक लागला. पुढे?

झाकण_मिटा

२०१९ चा, निन्टेन्डोच्या 'स्विच' यंत्रावरचा नवा 'लिंक्स अवेकनिंग' घ्या की. नकाशावर खुणा करता येतात, कोण काय बोललं ते परत वाचता येतं, तलवार आणि ढालीला वेगळी बटणं आहेत. जुन्यात दोनच बटणं, दर दोन पावलांना मेनू उघडून वस्तू बदला. निम्मा वैताग कोड्याचा नव्हताच, तो त्या दोन बटणांचा होता.

चार_पेन्सिल_सेल

घेतलाय. सुंदर आहे. त्यातही गोळा आहेच.

गिरगावची_मीनल

बरं, थांबा. व्हिडिओ नको ना?

ट्रिंग ट्रिंग. उलरिरा आजोबा बोलतोय. बाळा, गोळा उराशी धरूनच सगळीकडे जायचा हट्ट कशाला? आधी त्याला पुढे जाऊ दे, तू वळसा घालून मागाहून ये. ठेवतो. कट्.

चार_पेन्सिल_सेल

एवढंच? पलीकडे *फेकायचा*?

थांबा, कुकर बंद करून येतो.