फ्रँकेन्स्टाइन सहा वर्षांच्या मुलीला वाचून दाखवावी का?

ऐरोलीत राहतो आम्ही, लेकीसाठी मुलांसाठी लिहिलेली फ्रँकेन्स्टाइनची गोष्ट आणलीय, त्यात राक्षस सगळ्यांचा दोस्त होतो वगैरे, पण रात्री घाबरून उठली तर?

— अगं बिनधास्त वाच. फ्रँकेन्स्टाइन हे बनवणाऱ्याचं नाव, राक्षसाला बिचाऱ्याला नावच नाहीये. आमच्या पोराने बंड्या ठेवलं, आता तलावपाळीला गेलो की बंड्याचीपण भेळ घ्यावी लागते 😄

— मेरी शेलीच्या मूळ १८१८ च्या कादंबरीतपण आंधळे आजोबा त्याच्याशी नीट बोलतात, चेहरा दिसतच नाही ना! तो भाग रंगवून सांगा. पुढे आजोबांचा मुलगा काठीने मारतो ते मी गाळलं, तर लेक म्हणे मग तो परत का नाही गेला? अडकले.

— बरं, आज लाइट चालू ठेवूनच वाचते.