पहिल्यांदाच घर बांधतोय, ठेकेदाराशी करार करण्याआधी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. प्लॉट आहे, आर्किटेक्टने नकाशे दिलेत आणि आता तीन ठेकेदारांची कोटेशन्स समोर घेऊन बसलोय. सगळ्यात महाग कोटेशन सगळ्यात स्वस्ताच्या जवळपास दीडपट आहे!

स्वस्तवाल्याचा कागद एकच पानाचा. लादी, नळ, वायरिंग, सगळ्यापुढे 'चांगल्या प्रतीचे' एवढंच. चांगलं म्हणजे कुणाच्या मते, हे विचारलं तर हसून म्हणाला, "साहेब, विश्वास ठेवा." माणूस बोलायला गोड आहे, तिथेच मन डळमळतं. महागवाल्याने मात्र प्रत्येक कामाचं परिमाण आणि दर वेगळा लिहिलाय.

पैशांचं गाडं अजून अडलंय. स्वस्तवाल्याला सुरुवातीलाच ४० टक्के हवेत. मला वाटतं जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर असे टप्पे पाडून, काम झालं की पैसे द्यावेत आणि शेवटचे ५ टक्के ताबा मिळाल्यावर वर्षभर राखून ठेवावेत. ठेकेदार हे मान्य करतात का? तुम्ही किती राखले होते?

काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या क्यूब टेस्टवरून (त्याच काँक्रीटचे ठोकळे साच्यात भरून, नंतर दाबून तपासतात) ठरते, एवढं वाचलंय. पण क्यूब भरताना तिथे उभं कोण राहणार? मी नोकरीवर असतो. देखरेखीला स्वतंत्र इंजिनिअर ठेवावा, की आर्किटेक्टच्या भेटी पुरतात?

आणि हो, घरच्यांनी आत्ताच स्वयंपाकघराची खिडकी दोनदा हलवलीय. अशा बदलांचे जादा पैसे कसे ठरवायचे, हे करारात कसं लिहिलंत? कुणाकडे कराराचा मसुदा असेल तर नावं खोडून इथे पाठवा ना.