मदत हवी आहे: आठवीची इंग्रजी चाचणी, उताऱ्याचे प्रश्न आणि पत्राचे गुण

नमस्कार मंडळी. यवतमाळकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या आठवीसाठी ४० गुणांची इंग्रजी चाचणी बनवतो आहे. व्याकरण १०, वाचन १५, लेखन १५.

व्याकरणाचं जमलं. सुट्या वाक्यांऐवजी सलग उतारा घेतला, पहिलं-शेवटचं वाक्य पूर्ण ठेवलं आणि फक्त आर्टिकल व क्रियापदांच्या जागा रिकाम्या केल्या. मराठीत आर्टिकल नाहीच, म्हणून लेकरं 'आय सॉ बुल' लिहितात. ते इथं लगेच दिसतं.

अडचण वाचनात आहे. उतारा कापूस वेचणीचा. 'ओल्या कापसाला भाव कमी का?' याचं उत्तर इथलं लेकरू उतारा न वाचताच देतं. मग आपण तपासलं काय, वाचन की शेती? म्हणून आधी उतारा न देता नुसते प्रश्न पाच मुलांना द्यायचे. तिघांचं बरोबर आलं की तो प्रश्न बाद. पण विमानतळासारखा अनोळखी विषय घेतला, की शब्दांतच अडकतात.

लेखनात सरपंचांना हातपंप दुरुस्तीचं पत्र आहे: आशय ६, मांडणी ४, व्याकरण ५. एकाच पत्राला दोन शिक्षक ७ आणि ११ देतात, कारण 'वॉटर नॉट कमिंग' या एकाच चुकीचे गुण एक जण व्याकरणातही कापतो, आशयातही.

विषय ओळखीचा, पण उत्तर उताऱ्यातच सापडेल असे प्रश्न कसे काढता? पत्र तपासण्याआधी किती नमुना पत्रं सोबत बसून तपासता? कोणाकडे गुणदानाचा तक्ता असेल तर कृपया टाका, सोमवारी झेरॉक्स काढायची आहे.