हस्ताक्षरी फॉन्ट: जिव्हाळा की नुसता आव?

टाकबोरू: परवा एका संस्थेचं आभारपत्र आलं. हाताने लिहिल्यासारखं वळण, शाईही कुठे फिकट, कुठे गडद. क्षणभर बरं वाटलं. मग नजर अडकली: पत्रातले सगळे 'क' एकाच साच्यातून काढलेले! माणसाच्या हातून दोन 'क' कधी तंतोतंत सारखे पडतात का? असले फॉन्ट आपुलकीचा आव आणतात. हाताने लिहायला वेळ नसेल तर साधा छापील टाइप वापरा, कुणी रागावत नाही.

अक्षरवेडी: या न्यायाने इटॅलिक, म्हणजे तिरपा टाइपही बाद करा की. 1501 साली व्हेनिसचा मुद्रक आल्डस मानुशियसने ज्या इटॅलिक टाइपात पुस्तकं छापली, तो टाइप कोरणाऱ्या ग्रिफोने त्या काळच्या लेखनिकांच्या वळणावरूनच कोरला होता. आणि सारख्या 'क'चं म्हणाल, तर ती चूक पत्र जुळवणाऱ्याची. हेर्मान झाप्फच्या झाप्फिनो या हस्ताक्षरी फॉन्टात एकाच अक्षराची अनेक रूपं आहेत. ओपनटाइप या फॉन्ट-फाइलच्या प्रकारात शेजारचं अक्षर पाहून रूप आपोआप बदलण्याची सोय करता येते.

टाकबोरू: म्हणजे नक्कल जास्त सफाईदार झाली. झाली ना नक्कलच?

मोकळी_जागा: खरंखोटं राहू द्या, आधी वाचता तरी येतं का ते बघा. अख्खा परिच्छेद या फॉन्टात लावणारे भेटतात, तेव्हा हात जोडावेसे वाटतात. रोमन लिपीत तर सगळी कॅपिटलं लावतात. एकेकटं मिरवायला काढलेली ती वेलबुट्टीदार अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात. वर अक्षरांमधलं अंतरही वाढवतात. रॉजर एक्सकोफाँने 1953 मध्ये स्वतःच्या हस्ताक्षरावरून मिस्त्राल हा टाइप केला, तोही धातूच्या सुट्या खिळ्यांत. एका अक्षराची शेपटी पुढच्याला नेमकी भिडावी म्हणून केवढी मेहनत! आपण अंतर वाढवून तो सांधाच तोडायचा? नाव, मथळा, पुस्तकाचं मुखपृष्ठ, बस्स. त्यापुढे नको.

अक्षरवेडी: लांब मजकुराबाबत सहमत. पण चार ओळींच्या आमंत्रणाला काय हरकत आहे?

शिरोरेषा: देवनागरीची गोम वेगळी आहे. इथे अक्षरं वरच्या रेषेने आधीच जोडलेली असतात. घाईत लिहिताना आपण ती रेषा गाळतो, म्हणून फॉन्टवालेही गाळतात. मग 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' ओळखताना डोळे ताणावे लागतात. रोमन स्क्रिप्टचे झोकदार फाटे आपल्या अक्षरांना चिकटवले की काना कुठला आणि नक्षी कुठली, तेही कळेनासं होतं. मला हस्ताक्षरी फॉन्ट आवडतात, पण मराठीचं वळण घेऊन आलेले.

टाकबोरू: मुखपृष्ठ, लोगो, आमंत्रण, सगळं सोडलं बुवा. आभारपत्र नाही सोडणार. एक सांगायचं राहिलंच, त्या पत्राखालची सहीसुद्धा त्याच फॉन्टात होती.

अक्षरवेडी: सही?! मग मी वकीलपत्र परत घेते.