चढावर खडखड, पी०३२५ कोड: नॉक सेन्सर बदलू की जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरू?

सिलिंडर४: कॉम्प्रेशन १०.५:१, टर्बो नाही. मॅन्युअलमध्ये किमान ९१ ऑक्टेन, तेच भरतो. चौथ्या गिअरमध्ये चढ घेताना डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज, पिकअप पडलेला. खर्च एकाच गोष्टीवर करता येईल. इंजिन उघडायचं नाही.

निळीज्योत: सरळ ९७ भरा. मी दुसरं भरतच नाही. कॉम्प्रेशन जास्त असलं की ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. ऑक्टेन जास्त असेल तर ते दम धरतं.

टायमिंगवाला: कोड वाचा! पी०३२५ म्हणजे नॉक सेन्सरच्या, म्हणजे इंजिनची ही खडखड (नॉक) ऐकणाऱ्या सेन्सरच्या, सर्किटमध्ये बिघाड. सेन्सर बहिरा झाला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) खबरदारी म्हणून टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतं, पिकअप त्यामुळेच पडतो. ९७ भरून ते पुढे येणार नाही. नवा सेन्सर घ्या.

निळीज्योत: ९७ मध्ये ताकद तरी जास्त असते.

टायमिंगवाला: नसते. ऑक्टेन म्हणजे आपोआप पेटण्याला विरोध, उष्णता नव्हे.

कार्बनशत्रू: हेड उतरवा, पिस्टन खरवडा. कार्बनचा थर चढला की ज्वलनकक्षातली जागा घटते आणि कॉम्प्रेशन वाढतं.

टायमिंगवाला: इंजिन उघडायचं नाही म्हणालेत ते.

आकडेमोड: मॅन्युअलमधलं ९१ रॉन की एकेआय ते आधी बघा, ऑक्टेन मोजायच्या या वेगळ्या पद्धती. एकेआय ही रॉन आणि मॉन या दोन चाचण्यांच्या आकड्यांची सरासरी. ८७ एकेआय म्हणजे साधारण ९१ रॉन, ९१ एकेआय म्हणजे ९५-९६ रॉन. इथेच बरेच जण कमी ऑक्टेनचं भरतात.

नटबोल्ट: सेन्सर घेण्याआधी बॅटरी सोडून कनेक्टर काढा, पिनांवर हिरवट थर आहे का बघा. मधे भोक असलेला, एम८ बोल्टचा सेन्सर असेल तर बोल्ट साधारण २० न्यूटन मीटरने आवळा, पण मॅन्युअलचा आकडा अंतिम. खाली वॉशर नको, रंग नको, ब्लॉकचा धातू उघडा हवा. ८६ मिमी बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) नॉकची थरथर ६ ते ७ किलोहर्ट्झच्या आसपास असते, बोल्ट ढिला असेल तर ती सेन्सरपर्यंत धड पोचत नाही. वायरवरची जाळी तोडू नका, इग्निशनचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो.

कार्बनशत्रू: आणि चढावर तिसरा टाका. कमी आरपीएमला पूर्ण थ्रॉटल दिला की सेन्सर चांगला असला तरी इंजिन ठोकतं.

निळीज्योत: तरी एक टाकी ९७ भरून बघाच.

सिलिंडर४: मॅन्युअलमध्ये रॉनच आहे. बोल्ट बरोबर २० वर. कनेक्टरची एक पिन हिरवी होऊन अर्धी खाल्लेली निघाली, साफ करून भागणार नाही. सेन्सर जुनाच ठेवतोय, पेट्रोल ९१च. फक्त वायरसकट नवा कनेक्टर मागवला, जाळीसकट जोडतो. चढाला तिसरा.