मदत हवी आहे: पिटकेर्नवरच्या ताहिती स्त्रियांबद्दल काय वाचू?

नमस्कार मंडळी,

'बाउंटी' या ब्रिटिश आरमारी जहाजावरचं २८ एप्रिल १७८९ चं बंड, जहाजाचा कॅप्टन ब्लाय, बंडाचा म्होरक्या फ्लेचर ख्रिश्चन हे सगळं वाचून झालंय. मला पुढचा भाग हवा आहे. जानेवारी १७९० मध्ये नऊ बंडखोर दक्षिण प्रशांत महासागरातल्या पिटकेर्न बेटावर उतरले. नकाशावर या बेटाची जागा चुकीची नोंदलेली होती, त्यामुळे लपायला ते उत्तमच. जहाज त्यांनी जाळून टाकलं. पण त्यांच्यासोबत सहा पॉलिनेशियन (त्याच महासागरातल्या बेटांवरचे) पुरुष आणि ताहिती बेटाकडच्या स्त्रियाही होत्या, त्यातल्या अनेकींना फसवून आणलेलं. पुढे खूनखराबा झाला. १८०८ मध्ये 'टोपाझ' हे अमेरिकी जहाज तिथे पोचलं तेव्हा बंडखोरांपैकी एकटा जॉन ॲडम्स जिवंत होता. मुलं वाढवली, वस्ती टिकवली ती मुख्यतः या बायकांनी, आणि पुस्तकांत त्यांना जेमतेम दोन ओळी! मला हे फार खटकतं.

त्यांच्यातल्या तेहुतेआतुआओनोआ हिची हकीकत १८१९ मध्ये सिडनीच्या वर्तमानपत्रात छापून आली होती. तिचा पूर्ण मजकूर कुठे वाचता येईल? शिवाय १८५६ मध्ये पिटकेर्नवरचे सगळे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या नॉरफोक बेटावर गेले, त्यातली काही कुटुंबं परत का आली, यावर मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत काही आहे का? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या मंडळींनी तिथल्या ग्रंथालयांबद्दल सांगितलं तरी फार उपयोग होईल.