लग्न झालं, पण सर्टिफिकेट? नाशिककरांनो, नोंदणीचे अनुभव लिहा

नवी_नवरी: आमचं लग्न मे महिन्यात गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर झालं. आता ह्यांची कंपनी बाहेर पाठवतेय आणि व्हिसाला मॅरेज सर्टिफिकेट पाहिजे. आमच्याकडे सातशे फोटो आहेत, सर्टिफिकेट नाही 😄 आई म्हणते एवढी माणसं जेवून गेली ती काय साक्षीदार नव्हती का! कोण कुठे अडलं, जरा सविस्तर लिहा ना.

पंचवटीकर: अडायचं ठिकाण म्हणजे गुरुजी. नमुना ड म्हणजे नोंदणीचा फॉर्म भरला, तीन साक्षीदार पकडले, फोटो, पत्रिका, आधार, शाळेचे दाखले सगळं लावलं आणि खिडकीवर कळलं की लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही पण लागते. गुरुजी रामकुंडावर भेटतील म्हणून गेलो तर ऐन पावसाळा, गोदेला पूर, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी, तिथे कसले गुरुजी भेटतात! मग विचारत विचारत पंचवटीत घरी गाठलं, फॉर्म शर्टाच्या आत धरून, तरी एक कोपरा भिजलाच आणि बायकोच्या फोटोला निळी शाई लागली. नव्वद दिवसांत करा, नंतरही होते पण लेट फी लागते.

सिडकोची_सून: आमच्याकडे ह्यांचं नाव शाळेच्या दाखल्यावर बाळू आणि आधारवर बाळासाहेब. क्लार्क म्हणाले, ताई, दोन नवरे कसे लावू? सासूबाई तिथेच हसायला लागल्या, मला रडू येत होतं. सीबीएस बसस्टँडला कोर्टापाशी जाऊन अ‍ॅफिडेव्हिट केलं, परत रांग, आणि तोवर एक साक्षीदार पुण्याला निघून गेलेला. आधी घरी बसून सगळ्या कागदांवरची स्पेलिंगं जुळवा, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

आंतरजातीय_१९: आमचं वेगळं, आधी विधी नव्हताच, थेट रजिस्टर लग्न, १९५४ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली. तिथे आधी नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला पाहिजे, मग ती नोटीस ३० दिवस बोर्डावर. आम्ही वेड्यासारखा हॉल पंचविसाव्या दिवसाचा बुक केला, अ‍ॅडव्हान्स बुडाला. आणि बोर्डावर कोण वाचतंय म्हणून निवांत होतो, तर बाबांच्या ऑफिसातल्या एका काकांनी वाचलं 🙏 घरी बॉम्बच पडला. पुढे तेच काका साक्षीदार म्हणून सहीला आले, तिघांतले तिसरे. नोटीस तीन महिने चालते, तेवढ्यात उरकायचं, नाहीतर परत पहिल्यापासून.

जुनं_खोड: आमचं लग्न १९९४ चं, नोंदणी आत्ता पासपोर्टच्या निमित्ताने केली. पत्रिका हिच्या ट्रंकेत निघाली, पिवळी पडलेली. गुरुजी कधीच गेले, म्हणून अ‍ॅफिडेव्हिट आणि अल्बम दाखवला. साहेब फोटो बघून म्हणाले, काका, मिशी कुठं गेली?

नवी_नवरी: बाप रे, नव्वद दिवस संपायला अकरा दिवस उरलेत! आत्ताच गुरुजींना फोन लावला. म्हणाले, सही देतो की, पण लग्नातली दक्षिणा अजून राहिलीय ती आणा.